दातेरी कडा : संगणकाच्या पडद्यावरील खोट्या रेषांचे निदान

गेल्या वर्षी दसरा झाल्यावरची गोष्ट. ढाणकीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे माझी धाकटी बहीण राहते. तिचा मुलगा तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने नांदेडहून एक वापरलेला संगणक आणला होता. दिवसा त्यावर अभ्यासातली रेखाचित्रे आणि संध्याकाळी उमरखेड-पुसदच्या मित्रांसोबत एक ऑनलाइन नेमबाजीचा खेळ, असा त्याचा क्रम. एकदा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, खेळातल्या तारा नाचून राहिल्या. खांबाची कड पाहा तर करवतीवानी. दूर माणूस आहे का खांब, तेच समजत नाही."

मी पंधरा मिनिटे इकडेतिकडे वाचले आणि त्याला सांगितले, "अँटी-अ‍ॅलियसिंग नावाची सेटिंग असेल. त्यातला सगळ्यात मोठा आकडा घे."

तीन आठवड्यांनी बहीण घरी आली. सोयाबीन घरात पडून होते, भावाची वाट पाहत. ती म्हणाली, "दादा, पोरगा म्हणतो संगणकाचं कार्ड बदलावं लागते. पंचवीस हजार. सोयाबीन विकलं की घ्यावं का? तुमच्या सांगण्यानं त्यानं काहीतरी केलं होतं म्हणे, पण काम बिघडलंच." शहरातल्या एका दुकानदारानेही फोनवर कार्ड कमजोर असल्याचा निर्वाळा दिला होता.

पंचवीस हजार ही रक्कम आमच्याकडे सहज उचलून देण्याजोगी नाही. शिवाय बिघाडाची सुरुवात माझ्या सल्ल्यापासून झाली होती. म्हणून मी हा विषय मुळापासून समजून घ्यायला बसलो. साहित्यविषयक अंकात संगणकाच्या खेळाचे काय काम, असे कुणाला वाटेल. पण मी वर्षानुवर्षे जुन्या दिवाळी अंकांच्या सूची करतो, त्यांची मुखपृष्ठे स्कॅन करतो. दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'चे एखादे मुखपृष्ठ स्कॅन केले की कधी कधी चित्रातल्या स्त्रीच्या गालावर मूळ छपाईत नसलेल्या लाटांची नक्षी उमटते. ती नक्षी आणि भाच्याच्या खेळातल्या नाचऱ्या तारा या एकाच रोगाच्या दोन खुणा आहेत, हे मला या निमित्ताने कळले.

एका ठिपक्याचा निवाडा

पूर्वी घरोघरी भिंतीवर चौकटीत लावलेला पोपट असायचा. चौकडीच्या कापडावर फुल्याफुल्यांचे टाके घालून तो काढलेला असे. त्याची चोच गोल नसायची, पायऱ्यापायऱ्यांची असायची. कारण सरळ आहे. एका चौकोनात एकच टाका आणि एका टाक्याला एकच रंग. तिरकी रेष दोन चौकोनांच्या मधून गेली तरी बाईला ठरवावेच लागे की हा चौकोन हिरवा की पांढरा.

संगणकाचा पडदा हे असेच चौकडीचे कापड आहे. सध्याच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० चौकोन, म्हणजे एकूण २०,७३,६०० चौकोन असतात. त्या प्रत्येकाला पिक्सेल म्हणतात. खेळातले जग त्रिकोणांचे बनलेले असते. खांब, भिंत, माणूस सगळे लहानमोठ्या त्रिकोणांनी रचलेले. एखादा पिक्सेल खांबाच्या रंगाचा की आकाशाच्या, हे ठरवताना कार्ड साधारणपणे पिक्सेलच्या बरोबर मध्यावरचा एक बिंदू तपासते. तो त्रिकोणाच्या आत असेल तर सगळा पिक्सेल खांबाचा, बाहेर असेल तर सगळा आकाशाचा. अर्धा खांब, अर्धे आकाश अशी नोंद करायची सोयच नाही. म्हणून तिरक्या खांबाला दात फुटतात.

विजेची तार आणखी अडचणीची. दूरची तार एका पिक्सेलपेक्षाही बारीक होते. ती मधल्या बिंदूवरून गेली तर दिसते, दोन बिंदूंच्या मधून गेली तर नाहीशी होते. एकच तार अशी तुकड्यातुकड्यांनी दिसते. खेळणाऱ्याने मान किंचित वळवली की दिसणारे तुकडे बदलतात आणि तार नाचल्याचा भास होतो.

बाजार आणि 'ऊर्फ'

या दोषाला अ‍ॅलियसिंग म्हणतात. 'अ‍ॅलियस' म्हणजे पोलिसांच्या कागदावर 'ऊर्फ' लिहून पुढे देतात ते दुसरे नाव. रेषेच्या दोषाला असे नाव का, हे आठवडी बाजारावरून समजते.

समजा, एका गावात दर ७ दिवसांनी बाजार भरतो. एक परका माणूस दर ६ दिवसांनी त्या गावात येतो. पहिल्या खेपेला त्याला बाजार दिसला. नंतर तो सहाव्या, बाराव्या, अठराव्या दिवशी आला, तेव्हा गाव शांत होते. पुन्हा बाजार दिसला तो एकदम बेचाळिसाव्या दिवशी. त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले, "या गावी बेचाळीस दिवसांनी बाजार भरतो." त्याने खोटे काही लिहिले नाही. तो पुरेसा वेळा आला नाही, एवढेच. पण त्याच्या वहीत ७ दिवसांचा बाजार ४२ दिवसांच्या बाजाराचे नाव घेऊन वावरू लागला. हेच 'ऊर्फ'.

सात दिवसांचे चक्र ओळखायचे तर साडेतीन दिवसांपेक्षा कमी अंतराने खेप घातली पाहिजे. एका चक्रात दोनपेक्षा अधिक वेळा पाहिल्याशिवाय चक्र खरे कळत नाही. या नियमाची बैठक हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या तारायंत्रावरील लेखात आहे. रशियात व्लादिमीर कोटेल्निकोव्ह यांनी १९३३ साली आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली तो नीट मांडला. सिनेमात धावत्या गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते तेही याच कारणाने. कॅमेरा सेकंदाला २४ वेळाच पाहतो, आणि तेवढ्या वेळात आरे किती पुढे सरकले हे त्याला सांगता येत नाही. माझ्या स्कॅनमधल्या लाटांचे मूळही हेच. छापील चित्र बारीक ठिपक्यांच्या रांगांचे असते आणि स्कॅनर स्वतःच्या चौकडीने ते पाहतो. दोन्ही रांगा जुळत नाहीत, आणि न जुळण्यातून तिसरीच नक्षी जन्माला येते.

संगणकाच्या चित्रांतला हा दोष नियमाशी जोडून सविस्तर मांडणारा लेख फ्रँकलिन क्रो यांनी १९७७ साली प्रसिद्ध केला. पायऱ्या हा केवळ पडद्याच्या जाडेभरडेपणाचा परिणाम नसून चित्राचे नमुने अपुरे घेतल्याचा आहे, हे त्यांचे म्हणणे. पडदा कितीही बारीक चौकोनांचा केला तरी दात लहान होतात, नाहीसे होत नाहीत. उपाय एकच. पिक्सेलचा रंग ठरवण्याआधी त्याच्या आत एकाहून अधिक ठिकाणी पाहायचे आणि सरासरी लावायची. अर्धा खांब असेल तर पिक्सेल मधल्या छटेचा. डोळा दुरून पाहतो तेव्हा त्या मधल्या छटांची सरळ कड होते.

चार औषधे

खेळाच्या सेटिंगमध्ये या उपायाची चारपाच रूपे इंग्रजी आद्याक्षरांनी लिहिलेली असतात. खेळणारी मुले ती पाठ म्हणतात, पण कोणते कशासाठी हे सहसा कुणी सांगत नाही.

सर्वांत जुने आणि सरळ ते सुपरसॅम्पलिंग. सगळे चित्र दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच काढायचे, मग चार-चार पिक्सेलची सरासरी करून लहान करायचे. यात कडा, पाने, चकाकी सगळेच सुधारते, पण २०,७३,६०० ऐवजी ८२,९४,४०० पिक्सेल रंगवावे लागतात. काम चौपट.

दुसरे एमएसएए. यात चतुराई अशी की पिक्सेलच्या आत चार किंवा आठ बिंदूंवर 'त्रिकोण इथे आहे का' एवढेच तपासायचे, पण त्रिकोणाचा रंग मात्र एकदाच काढायचा. रंग काढणे हेच महागडे काम असल्याने बरीच बचत होते. 'चारपट'मध्ये चार बिंदू असे ठेवलेले असतात की कोणतेही दोन एका आडव्या किंवा उभ्या रांगेत येत नाहीत. चार घरांच्या बुद्धिबळाच्या पटावर एकमेकांना न मारणारे चार वजीर ठेवावेत तशीच ती मांडणी आहे. त्यामुळे जवळजवळ आडव्या किंवा जवळजवळ उभ्या कडेलाही सर्व छटा मिळतात. चार बिंदूंनी कडेला पाच पायऱ्या मिळतात: काहीच नाही, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. आठ बिंदूंनी नऊ. मर्यादा ही की हे औषध फक्त त्रिकोणाच्या कडेला लागू पडते. झाडाची पाने पुष्कळदा एका सपाट त्रिकोणावर चिकटवलेल्या चित्रातून कापून काढलेली असतात. त्या पानाची कड म्हणजे त्रिकोणाची कड नव्हे, म्हणून तिथे साधे एमएसएए काही करू शकत नाही. ज्या खेळांत आधी सगळी माहिती साठवून मग प्रकाश टाकतात, तिथे प्रत्येक बिंदूसाठी ती माहिती ठेवणे फार जड जाते. म्हणून अनेक नव्या खेळांत हा पर्यायच नसतो.

तिसरे एफएक्सएए. २००९ च्या सुमारास तयार चित्रावर हात फिरवण्याच्या पद्धती पुढे आल्या. इंटेलचे अलेक्झांडर रेशेटोव्ह यांची एक आणि एनव्हिडियाचे टिमोथी लॉट्स यांची ही दुसरी. चित्र पूर्ण झाल्यावर ती उजेड-अंधाराचा मोठा फरक शोधते, तिथे कड आहे असे धरते आणि त्या दिशेने थोडे पुसते. कार्डाला भार नगण्य. पण तिला त्रिकोण ठाऊक नसतात, फक्त तयार चित्र दिसते. जी तार चित्रात उमटलीच नाही ती परत आणता येत नाही, आणि खांबाची कड व अक्षराची कड यांत तिला भेद कळत नाही.

चौथे टीएए. सेकंदाला ६० चित्रे निघत असतील तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एका चित्रातच चार बिंदू पाहण्याऐवजी दर चित्रात बिंदू किंचित हलवायचा आणि मागच्या चित्रांतली माहिती नव्यात मिसळायची. बाजाराच्या भाषेत, परक्या माणसाने दरवेळी वेगळ्या वारी येऊन जुन्या नोंदी जोडून पाहायच्या. २०१४ साली ब्रायन कॅरिस यांनी या पद्धतीचे जे विवेचन केले, त्यानंतर ती फार पसरली. पाने, तारा, चकाकी सगळे स्थिर होते. मात्र वस्तू वेगाने हलली की जुनी नोंद चुकीच्या जागी लागते आणि मागे फिकट सावली राहते. सगळे चित्रही थोडे मऊ होते.

याशिवाय एक पाचवा भाग आहे, त्याला अँटी-अ‍ॅलियसिंग असे नाव नसते. भिंतीवर, पत्र्यावर चिकटवलेल्या चित्राला पोत म्हणू. दूरच्या पत्र्याच्या शेडवर पन्हळीच्या रेघा पिक्सेलपेक्षा बारीक होतात आणि लाटा उठतात. त्यासाठी लान्स विल्यम्स यांनी १९८३ साली एक तोड सुचवली: प्रत्येक पोताच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा लहान प्रती आधीच करून ठेवायच्या आणि दूर जाऊ तशी लहान प्रत वापरायची. तिरप्या कोनातून पाहताना ही प्रत फार पुसट वाटते, म्हणून अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग नावाची जोड असते. आजच्या कार्डांना तिचा भार फारसा नसतो.

भाच्याच्या यंत्राची तपासणी

एवढे समजल्यावर मी एक वही घेऊन बहिणीकडे गेलो. भाच्याला आधी विचारले की त्याने काय काय, कोणत्या क्रमाने केले. त्याने सांगितलेला इतिहास असा.

माझ्या सल्ल्याप्रमाणे त्याने एमएसएए आठपट केले. जुन्या कार्डाला ते झेपले नाही आणि खेळ अडखळू लागला. वेग परत यावा म्हणून त्याने चित्राचा आकार १२८० बाय ७२० केला. आता सगळेच मऊ आणि दात अधिक ठळक दिसू लागले. एका मित्राने सांगितले की कार्डाच्या नियंत्रण-पटलातून एफएक्सएए लाद, म्हणून त्याने ती लावली. दात कमी झाले, पण अक्षरे फासल्यासारखी झाली. मग चित्र टोकदार व्हावे म्हणून त्याने शार्पनिंगची पट्टी शेवटपर्यंत सरकवली. दात परत आले, शिवाय प्रत्येक कडेभोवती पांढरी किनार. इथे येऊन सगळ्यांचे एकमत झाले की कार्डच कमजोर आहे.

प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने केलेला बिघाड झाकायला टाकलेली होती. मूळ तक्रार कुठेतरी खालीच राहिली. पहिली पायरी माझी, हे मी त्याच्यासमोर कबूल केले.

दुसरे काम पुरावा पाहण्याचे. त्याला पडद्याचे चित्र टिपायला लावले आणि फाइलचे माप पाहिले. ती १२८० बाय ७२० ची निघाली. पडदा मात्र १९२० बाय १०८० चा. म्हणजे चित्रात ९,२१,६०० पिक्सेल, पडद्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या दीड चौकोनात बसवायचा होता. दीड चौकोन रंगवता येत नाही, म्हणून ओढाताण करून सगळे फासले जाते. हा अ‍ॅलियसिंगचा रोग नव्हेच. अँटी-अ‍ॅलियसिंगच्या कोणत्याही आकड्याने तो जाणार नव्हता. म्हणून अशा तक्रारीत पहिला प्रश्न हाच: चित्राचे माप पडद्याच्या मापाइतके आहे का? काही खेळांत माप बरोबर असूनही आत 'रेंडर स्केल' नावाची दुसरी पट्टी १०० च्या खाली असते. तीही पाहावी.

तिसरे, सगळे मूळपदावर आणणे. नियंत्रण-पटलात अँटी-अ‍ॅलियसिंगचा निर्णय खेळावर सोडला. शार्पनिंग शून्य केले. चित्राचे माप पडद्याएवढे केले. खेळातले अँटी-अ‍ॅलियसिंग बंद केले. काही खेळांत ही सेटिंग खेळ बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय लागत नाही, म्हणून दरवेळी तेही केले.

चौथे, ठरलेली जागा. चालू सामन्यात दृश्य क्षणाक्षणाला बदलते, तिथे तुलना होत नाही. खेळात सरावाचे एक मैदान होते. तिथे एका कोपऱ्यातून तिरका खांब, वीजवाहिनी, पत्र्याचे शेड आणि एक झाड एकदम दिसत होते. त्या कोपऱ्यात उभे राहून आम्ही एकेक गोष्ट बदलत गेलो आणि वहीत चार रकाने मांडले: खांब, तार, पत्रा, पान. एका वेळी एकच बदल, हा नियम भाच्याला जड गेला, पण त्याने पाळला.

सगळे बंद असताना चारही रकान्यांत दोष. एमएसएए चारपट केले, तर खांब सरळ झाला आणि तार बहुतेक सलग दिसू लागली. पत्रा आणि पान जसेच्या तसे. आठपट केले, तर खांबाच्या कडेत बसल्या जागेवरून आम्हा दोघांनाही फरक सांगता आला नाही, वेग मात्र घसरला. म्हणून चारपट कायम.

पत्र्यावरच्या लाटा का जात नाहीत, हे शोधताना नियंत्रण-पटलात पोताच्या लहान प्रती निवडण्याचा नियम मुद्दाम धारदार बाजूला सरकवलेला सापडला. संगणक वापरलेला होता, आधीच्या मालकाने चित्र खणखणीत दिसावे म्हणून केले असावे. लहान प्रत वापरायच्या जागी मोठी वापरली जात होती, म्हणून पन्हळी नाचत होत्या. तो नियम मूळपदावर आणला, अ‍ॅनिसोट्रॉपिक सोळापट केले, आणि पत्रा शांत झाला.

पान राहिले. टीएए लावून पाहिले, तर पान स्थिर झाले, पण धावणाऱ्या माणसामागे धुरकट शेपूट दिसू लागले. भाचा म्हणाला, "मामा, पान हालते तर हालू द्या. शत्रू नीट दिसला पाहिजे." ते त्याचे बरोबर होते. निवांत फिरण्याच्या एखाद्या खेळात मी उलट निवड केली असती.

शेवटी वेगासाठी सावल्यांची प्रत एक पायरी खाली आणली. सावल्या हे महागडे काम असते आणि या खेळात त्यांच्या बारकाव्याचा उपयोग थोडा. खेळ अडखळायचा थांबला.

भाऊचा माऊ

या तपासणीत मला सर्वांत बोलकी वाटली ती अक्षरांची गोष्ट. त्या खेळात नाव देवनागरीत ठेवता येते. भाच्याच्या एका साथीदाराचे नाव 'ढाणकीचा भाऊ'. एफएक्सएए लादलेली असताना ते 'ढाणकीचा माऊ' दिसत होते आणि पोरे त्याला त्याच नावाने हाका मारू लागली होती.

देवनागरीत भ आणि म, ध आणि घ यांतला फरक शिरोरेषेतल्या एका लहानशा फटीचा. लहान आकारात ती फट एकदोन पिक्सेलची असते. एफएक्सएएला तिथे उजेड-अंधाराची कड दिसते आणि ती पुसली जाते. फट बुजली की भ चा म होतो. खेळात दिलेली एफएक्सएए बहुधा अक्षरे काढण्याआधी लागते, म्हणून अक्षरे वाचतात. नियंत्रण-पटलातून लादलेली मात्र सगळे चित्र तयार झाल्यावर वरून फिरते. तीच सेटिंग, पण कुठून लावली यावर परिणाम अवलंबून.

अक्षरांसाठी कडा मऊ करण्याचा वेगळा विचार झालेला आहे. रंगीत पडद्याच्या एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन उभे तुकडे असतात. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली जाहीर केलेले आणि २००१ च्या विंडोज एक्सपीत दिलेले क्लिअरटाइप हे तंत्र त्या तुकड्यांचा स्वतंत्र उपयोग करून आडव्या दिशेने जास्त बारकावा मिळवते. ते कोणत्या अक्षराची कुठली कड आहे हे जाणून चालते, म्हणून फट बुजवत नाही. देवनागरीपुरते बोलायचे तर विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' हा टंक आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचला. कागदावरच्या बोरूच्या वळणात मुरलेल्या माणसाने पडद्याच्या चौकडीसाठी अक्षरे बसवली, ही आपल्या लिपीच्या इतिहासातली लहान घटना नव्हे. शिरोरेषा आडवी असल्याने पिक्सेलच्या रांगेवर ती नीट बसते. खरी कसोटी वळणांची, अनुस्वाराची आणि अशा फटींची असते. तिथे एक पिक्सेल इकडेतिकडे झाला की शब्दच बदलतो.

सूचीच्या कामात मला याचा अनुभव आहे. कमी बारकाव्याने केलेल्या स्कॅनमध्ये लेखकाचे नाव धुरंधर की घुरंघर, असा प्रश्न पडला की मूळ अंक पुन्हा पाहण्यावाचून गत्यंतर नसते. स्कॅन मागाहून कितीही टोकदार केला तरी बुजलेली फट उघडत नाही. आता मी छापील चित्रे आधी जास्त बारकाव्याने टिपतो आणि मग लहान करतो. गालावरच्या लाटा पुष्कळ कमी झाल्या आहेत. भाच्याच्या खेळातले सुपरसॅम्पलिंग ते हेच.

वहीतला शेवटचा रकाना

हे सारे करूनही कार्ड बदलावे लागणारच नाही, असे नाही. चित्राचे माप पडद्याएवढे, एमएसएए दुप्पट किंवा बंद, सावल्या खाली, एवढे केल्यावरही खेळ अडखळत असेल, तर कार्ड खरोखर अपुरे आहे. पण तो निष्कर्ष शेवटचा. दोष स्थिर चित्रात दिसतो की मान वळवल्यावर, कडेवर आहे की पृष्ठभागाच्या मधोमध, अक्षरांनाही लागला आहे की नुसत्या दृश्याला, हे तीन प्रश्न आधी विचारले तर बहुतेक वेळा उत्तर घरातच सापडते. पैसे लागत नाहीत, एक संध्याकाळ लागते.

बहिणीला मी सांगितले की यंदा कार्ड घेऊ नकोस. तिने विचारले, "मग पुढच्या वर्षी?" मी म्हणालो, तेव्हा पुन्हा वही काढू. भाचा बाजूला उभा होता. तो म्हणाला, "मामा, मोठा आकडा घे म्हणणारे तुम्हीच होते." मला त्यावर उत्तर नव्हते. मी वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून माझा तो सल्ला लिहिला आणि पुढे 'चूक' असे लिहून ठेवले.

सोयाबीन पुढे विकले गेले आणि पैसे घरातच राहिले. खेळातल्या त्या झाडाची पाने अजून थरथरतात. वहीत पानाच्या रकान्यासमोर भाच्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, 'राहू दिले'.